पेटीतलं एक काडतूस

माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं मला फसवलं. रोशन त्याचं नाव. माझ्याच घरात राहून, माझ्याच हातचा चहा पिऊन त्यानं हे केलं. आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी खाली "बिचारी ताई" असं लिहील, आणि मला बिचारी म्हटलेलं खपत नाही.

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत होते. चकवा, विहिरीतला आवाज, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं आणि हसायचं. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात सिहोरा आहे. तिथं बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. जुने मोबाईल, टीव्ही, मिक्सर, गेमचे सेट विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. बाप गेल्यावर एका टेबलावर सुरू केलं होतं, आज तीन शटरं आहेत आणि कुणाच्या उपकाराची नाहीत. लोक टीव्ही घेऊन येतात आणि हळूच सांगतात, "ताई, याच्यात काहीतरी आहे, आपोआप चालू होते." मी मागचं झाकण उघडते, आत पालीची अंडी निघतात. ज्याला लोक भूत म्हणतात त्याला मी लूज कनेक्शन म्हणते. म्हणत होते, असं म्हणा.

तो गेमचा सेट मी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधून आणला होता. मुलगा पुण्याला शिकायला गेला, म्हणून त्याच्या आईनं विकायला काढला. "नवीन घेतला तेव्हा केवढ्याला पडला माहीत आहे का?" बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "नवीन तुम्ही घेतला होता, मी जुना घेऊन राहिले." अर्ध्या तासात सेट, दोन कंट्रोलर आणि गेमच्या सगळ्या डिस्क माझ्या पिशवीत होत्या, वर बाईंनी सरबतही दिलं. परत येताना रोशन गाडी चालवत होता आणि हसत होता.

"अवं ताई, त्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र तेवढं राहिलं."

"तू समोर पाय न. गाडी खड्ड्यात नोको घालू."

सेट विकायलाच आणला होता. रोशननं 'टेस्टिंग करतो' म्हणून मागच्या खोलीत लावला आणि टेस्टिंग काही संपेना. मग एका दुपारी, गिऱ्हाईक नाही म्हणून, मीही बसले. आणि सांगायला लाज वाटत नाही... उठलेच नाही.

आता गेमबद्दल माझी मतं आहेत आणि ती पक्की आहेत. शूटर गेम मला आवडत नाहीत. त्यात गोळ्या फुकट असतात. धाडधाड मारत सुटायचं, संपल्या की पुढच्या कोपऱ्यात पुन्हा ढीग. आणि मेलं तरी काय, पापणी लवायच्या आत पुन्हा उभे. ज्या मरणाला किंमत नाही त्याची भीती कसली? ऑनलाइन खेळलं की कानात कुठल्या तरी शहरातली पोरं आईवरून शिव्या घालतात. एकदा मी हेडफोन लावून त्यांना झाडीपट्टीतल्या चार सुनावल्या, तेव्हा रोशन खुर्चीवरून खाली पडला होता हसून.

माझा खेळ सर्व्हायव्हल हॉरर. पडकं हॉस्पिटल, अंधारा कॉरिडॉर, हातात मोजकी काडतुसं आणि पिशवीत जागा थोडी. हे उचलायचं तर ते टाकावं लागतं. समोरून काहीतरी सरपटत येतं आहे आणि तुम्ही ठरवता आहात, याच्यावर एक काडतूस खर्च करावं की बाजूनं निसटून जावं. लोक म्हणतात हा भीतीचा खेळ आहे. मी म्हणते हा व्यापाराचा खेळ आहे. अचानक अंगावर उडी मारणाऱ्या भुतांनी जो गेम घाबरवतो तो गेम फालतू. खरी भीती आपल्याकडे कमी आहे हे माहीत असण्यात असते. आणि त्या गेममधली सगळ्यात चांगली जागा म्हणजे सेफ रूम. दार लावलं की मागं येणारं सगळं बाहेर राहतं, बारीक संगीत सुरू होतं, एका कोपऱ्यात कंदील असतो, तो लावला की गेम सेव्ह होतो. दुसऱ्या कोपऱ्यात एक पेटी. जे आत्ता नको ते पेटीत ठेवायचं.

रोशन उलटा. त्याला शूटर आवडायचे. "इथं मेलं का लगेच वापस येते न ताई, तेच तं मजा आहे," म्हणायचा. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

पण माझा गेम तो माझ्यासोबत खेळायचा. एकाच सेव्हवर, म्हणजे दोघांचा मिळून एकच डाव, पाळीपाळीनं. एका सेफ रूमपासून दुसऱ्या सेफ रूमपर्यंत मी, तिथून पुढं तो. तो अंगावर जाऊन खेळायचा, काडतुसं उडवायचा, जखमी होऊन लंगडत सेफ रूममध्ये यायचा. मी ओरडायची.

"अरे, त्या आंधळ्या म्हाताऱ्याले तीन गोळ्या? तो चालत बी नव्हता!"

"मंग का तुह्या लग्नात आंदण द्याच्या आहेत का गोळ्या? मार न बिनधास्त."

"मांगून मलेच रिकाम्या हातानं मरा लागते."

यावरून आमच्यात एक रीत पडली आणि ती आली घरातूनच. आमच्या घरी धानाची ढोली आहे, बांबूची, शेणानं लिंपलेली. गिरणीवर न्यायला धान काढलं तरी माय ती कधी पूर्ण रिकामी करत नाही. "खाली नाही करू बाई. नवीन धानाले जुनं धान दिसलं पायजे," म्हणते. तसंच ठरलं, की ज्याची पाळी संपेल त्यानं पुढच्यासाठी पेटीत काहीतरी ठेवायचं. मी औषधाचा डबा ठेवायची, कारण तो नेहमी जखमी. आणि हा पठ्ठ्या काय ठेवायचा? शॉटगनचं एक काडतूस. एकच! त्या गेममध्ये काडतुसं कधी सुटी मिळत नाहीत, डबाच मिळतो. हा मुद्दाम डब्यातून एक वेगळं काढून पेटीत ठेवायचा. पेटीच्या मधोमध एक लाल काडतूस.

"एका गोळीनं का होते रे?"

"ढोली खाली नाही न राहिली? बस झालं."

आणि माझं औषध त्यानं कधी घेतलं नाही. एकदाही नाही. स्क्रीनच्या कडा लाल झालेल्या, त्याचा माणूस पोट धरून चालतो आहे, पेटीत औषध पडलं आहे, आणि हा ते तसंच सोडून पुढं जायचा. "राहू दे, तुले लागन." माझा संताप व्हायचा. वस्तू असून न वापरणारा माणूस मला समजतच नाही.

दुकानातून सवड मिळेल तसं खेळत, सेट आणल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही शेवटच्या सेफ रूममध्ये पोचलो. समोर मोठा लोखंडी दरवाजा, त्याच्या मागं शेवट. नेटवर वाचलं होतं, तो दरवाजा उघडून शेवट केला की सेव्ह संपतं, सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. रोशनची पाळी संपली होती, पुढची माझी. पण त्याला नागपूरला जायचं होतं. पथरी आहे, मुतखड्याचं ऑपरेशन आहे, आठवड्यात येतो, असं म्हणाला. चेहरा सुजलेला होता, मी विचारलं तर म्हणाला झोप झाली नाही. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायचा, मी विचारलं तर म्हणाला फॅशन आहे. आठवड्यातून दोनदा कव्हर आणि चार्जरचा माल घेऊन बपेऱ्याकडून पुढं मध्य प्रदेशात जायचा, थकून यायचा. मला वाटायचं, धंदा शिकतो आहे.

"दरवाजा मी आल्यावर. एकटी नोको उघडू," तो म्हणाला.

"आन तू नाही आला तं?"

"मी कोठं चाललो? पथरी तं आहे. येतोच न."

"पक्कं?"

त्यानं हात पुढं केला, मी त्यावर हात मारला. आमच्या धंद्यात हातावर हात पडला की सौदा झाला, मग मागं फिरायचं नसतं. पेटीत त्यानं त्याचं एक काडतूस ठेवलं, कंदील लावला, सेट बंद केला आणि गेला.

तो आला नाही. गाडी त्याला घेऊन आली.

तेरवीच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर दिलीप थांबला. दिलीप बपेऱ्याचा, रोशनचा शाळेपासूनचा दोस्त. मांडवाच्या खांबाशी उभा राहून पत्रावळीची काडी मोडत होता.

"ताई, एक सांगू? पथरी नव्हती."

"मंग?"

"किडन्या. दोन्ही. तो माल घेऊन जात नव्हता ताई. भंडाऱ्याले जात होता, रक्त साफ करायच्या मशीनवर. हाताले सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या, म्हणून शर्ट तसा."

"आन तुले माहीत होतं."

"त्यानं शपथ घातली होती."

"कोणाची?"

"तुमचीच." तो खाली बघत राहिला. "तो म्हणे, ताईले समजलं तं ते तिची काढून देते. भाव बी नाही करणार."

मी त्याला हाकलून दिलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण पोरगं खरं बोललं होतं. मी दिली असती. आमचा रक्तगट एकच आहे, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले असते ते पुढचं पुढं, पण मला विचारायला तर हवं होतं. आयुष्यभर मी सौदे केले, आणि ज्या एका सौद्यात मी काही मागितलं नसतं त्यात मला बसूच दिलं नाही. ही फसवणूक नाही तर काय आहे?

मायला मी काही बोलले नाही. दुकान उघडलं. लोकांवर खेकसत राहिले. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गेले आणि सेट लावला. तीच सेफ रूम, तेच संगीत. पेटी उघडली. मधोमध त्याचं काडतूस. मला इतका राग आला... मी ते उचललं. पेटीत पूर्वीचं काय काय साठवलेलं होतं तेही सगळं काढून, पिशवीतलं फालतू टाकून देऊन, माझ्या पिशवीत भरलं. होय, केली ढोली रिकामी. का नाही करणार? ज्याच्यासाठी ठेवायचं तो पळून गेला. दरवाजापर्यंत गेले. बटण दाबायला अंगठा ठेवला आणि दाबवलं नाही. परत फिरले, कंदील लावला, बंद केलं. सेट लोखंडी कपाटात ठेवला. कपाटाची चावी माझ्या कमरेला असते, दुसरी नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर पुन्हा लावला. पिशवीत माझं सगळं सामान होतं, त्याचं ते काडतूसही. पेटी उघडली.

मधोमध एक काडतूस.

मी घाबरले नाही. चिडले. दिलीपला फोन करून बोलावलं, कारण दुकानात मागं जाणारा तोच एक होता.

"तू हात लावला का माह्या गेमले?"

"ताई, मले तं त्याची बटनं बी समजत नाही. तो खेळे, मी समोसे खाओ."

खरंच होतं. शिवाय चावी माझ्याकडे. मी ते काडतूस उचललं, पेटी रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, सेव्ह केलं. या वेळी सेटची वायरच काढून घरी नेली आणि ढोलीत धानाच्या आत खुपसून ठेवली. तसली वायर माझ्या दुकानात दुसरी नव्हती. माय बघत होती.

"हे का टाकून राहिली धानात?"

"लपवून ठेवून राहिली."

"कोणापासून?"

मी हाताचा कोंडा झटकला. तिनं वरून हातानं धान सारखं केलं आणि गेली.

काही दिवसांनी वायर काढली, धुळकट झाली होती, पुसली, लावली. पेटीत एक काडतूस.

तो सेट नेटला कधीच जोडलेला नाही, म्हणजे बाहेरून कुणी काही केलं असं म्हणता येत नाही. गेम खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी विचारलं. त्यांनी सांगितलं की त्या गेमची पेटी आपोआप भरत नाही, आणि सुटं काडतूस तर गेम देतच नाही. ते खेळणाऱ्यानंच वेगळं करून ठेवावं लागतं. एकानं लिहिलं, तुमचं सेव्ह बिघडलं असेल. असेल. पण बिघडलेल्या वस्तू मी रोज हाताळते. बिघडलेला टीव्ही कधी आवाज घालवतो, कधी चित्र. बिघाड रीत पाळत नसतो.

याच दरम्यान जवाहरनगरचा तो मुलगा पुण्याहून आला होता, ज्याच्या आईकडून मी सेट घेतला. आता नोकरीला लागला आहे. लहानपणीची आठवण म्हणून त्याला परत हवा होता.

"विकायचा नाही," मी म्हटलं.

"किंमत तर सांगा ना मॅडम."

"किंमत नाही त्याले."

माझ्या दुकानात हे वाक्य याआधी कधी बोललं गेलं नव्हतं. तो गेला, आणि मीच काऊंटरला धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते त्या पोराला दिसलं नसावं.

त्याच दुपारी मी सेट लावला. काडतूस होतंच. घेतलं. मग पिशवीतून औषधाचा डबा काढला, मी त्याच्यासाठी ठेवायची तसाच, आणि पेटीत ठेवला. मोठ्यानं म्हटलं, "घे." रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळल्यासारखं झालं. कंदील लावला, बंद केलं, वायर नेली.

नंतर धानाची रोवणी सुरू झाली. मजूर, चिखल, पाऊस, दुकानात भिजलेल्या मोबाईलचा ढीग. मी मुद्दाम तिकडे गेले नाही. खरं सांगायचं तर गेले असते आणि औषध तसंच पडलेलं दिसलं असतं, तर... त्याचं तसंच असायचं ना. ठेवायचं आणि त्यानं घ्यायचं नाही. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

शेवटी रोवणी आटोपल्यावर, ऊन पडलेल्या एका दुपारी, शटर अर्धं खाली ओढलं आणि लावला. संगीत सुरू झालं. पेटीपर्यंत जायला मी त्या माणसाला हळूहळू चालवलं. उघडली.

औषध नव्हतं. त्याच्या जागी मधोमध एक लाल काडतूस.

माझी पिशवी पाहिली. औषध त्यातही नव्हतं. त्या खोलीत तिसरी जागाच नाही.

तेव्हापासून मी दर खेपेला औषध ठेवते. ते जातं. काडतूस येतं. एका काडतुसाच्या बदल्यात अख्खा औषधाचा डबा, असा तोट्याचा सौदा मी जन्मात केला नाही, आणि हा रोज करायला तयार आहे. माझी औषधं आता थोडीच राहिली आहेत. नवीन हवी असतील तर दरवाजा उघडून पुढं जावं लागेल, आणि पुढं गेलं की सेव्ह संपेल. मी दरवाजा उघडणार नाही. हातावर हात मारला आहे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर स्वतःजवळ ठेवा, मला तुमच्याकडून उत्तर नको आहे. ज्याच्याकडून हवं आहे त्याला हा ग्रुप माहीत होता, मला यात त्यानंच घातलं होतं, म्हणून इथं लिहिते आहे.

रोशन, गोष्टी फिरवू नको, हसण्यावारी नेऊ नको. पडद्यावर पोट धरून चालत होतास तेव्हा पेटीत औषध होतं. घरात पोट धरून चालत होतास तेव्हा मी समोर होते. तेव्हा दोन्ही नाही घेतलंस. आता मी ठेवते आणि तू घेऊन राहिला. घे, सगळं घे. पण मले सांग... तेव्हा काहून नाही घेतलं?